उंचावणे आणि वानणे



आमच्या ग्वाल्हेरच्या रविवारच्या धर्मशिक्षण वर्गात बहुतेक मुले इंग्रजी शाळेतली आहेत. घरी मराठी, रस्त्यावर हिंदी. एकीने तिसावे स्तोत्र इंग्रजीत वाचले आणि विचारले, "सर, इथे 'प्रेज' न म्हणता 'एक्स्टॉल' का?"

मी सांगितले, हा लॅटिनमधून आलेला शब्द, 'टोलेरे' म्हणजे उचलणे. एक्स्टॉल म्हणजे स्तुतीने उंच करणे. मागे मूळ हिब्रूतही 'रूम' हाच धातू आहे, उंच होणे. मग मी उत्साहाने प्रार्थनेत म्हणालो, "प्रभू, आम्ही तुला उंच करतो." मागच्या बाकावर नातवाला घेऊन बसलेल्या आजी पुटपुटल्या, "देव काय खाली बसलाय?"

त्यांचे बरोबर होते. मराठीत स्तुतीने कुणाला वर चढवतात ते हरभऱ्याच्या झाडावर! आपला जुना शब्द 'वानणे'. तो 'वर्ण' धातूचा, म्हणजे वर्णन करणे, सांगणे. उचलण्याचा अर्थ आपल्याकडे 'उद्धार' या शब्दात आहे. उद् म्हणजे वर, हृ म्हणजे नेणे. वर उचलतो तो देव, आपण सांगतो.

गंमत म्हणजे स्तोत्रकर्त्याचाही हिशेब तोच आहे. मी तुला उंचावतो, कारण तू मला वर काढलेस, असे तो म्हणतो. तिथे 'वर काढणे' यासाठी त्याने वापरलेला हिब्रू शब्द विहिरीतून पाणी शेंदण्याचा आहे; त्याच धातूपासून बादलीला 'दली' म्हणतात. आमच्या किल्ल्यावर अस्सी खंबा बावडी आहे. तिथे खाली डोकावले की पोहऱ्याची अवस्था कळते. पोहरा स्वतः वर येत नाही.

किंग जेम्स बायबल १६११ साली निघाले. त्यात हा शब्द नबुखद्नेस्सराच्या तोंडीही आहे (दानीएल ४). बाबेलच्या महालाच्या गच्चीवर स्वतःलाच वानणारा तो राजा बैलासारखे गवत खाऊन आल्यावर स्वर्गाच्या राजाला उंचावतो.

आणि पाचच वर्षांनी, १६१६ मध्ये, गोव्यात राशोलला ख्रिस्तपुराण छापले गेले. लेखक फादर थॉमस स्टीफन्स, जन्माने इंग्रज, १५७९ पासून गोव्यात. छपाई रोमन लिपीत, भाषा मात्र मराठी. त्यांना लॅटिन पक्के येत होते; हवे तर 'उंच करणे' जसेच्या तसे आणता आले असते. त्यांनी आपल्या पुराणांची वाट धरली: सुमारे ११,००० ओव्या, जगाच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंत. शिवाय आत मराठी भाषेचीही मनापासून स्तुती! परदेशातून आलेल्या माणसाने देवाला मराठीत कसे वानायचे ते आपल्याला चारशे वर्षांपूर्वी दाखवून ठेवले आहे. ग्वाल्हेरला तर मराठी माणूस शिंद्यांच्या फौजेबरोबर खूप नंतर आला. दौलतरावांची छावणी, आजचे लष्कर, १८१० ची.

पुढच्या रविवारी मुलांना सांगितले: प्रत्येकाने देवाने कुठून वर काढले तेवढेच सांगायचे. एकाने टायफॉईड सांगितला. त्या आजींनी, न विचारता, एका जुन्या कर्जाची गोष्ट सांगायला घेतली, आणि वर्ग वीस मिनिटे उशिरा सुटला.