डब्याचे झाकण आणि मोबाईलचा पडदा

मुंबईच्या गिरण्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पण त्या गिरण्यांत राबणारा माणूस रोज जेवत कुठे होता, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. मोबाईलवरून जेवण मागवण्याची सोय ही अगदी अलीकडची आणि परदेशातून आलेली गोष्ट आहे, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. तंत्राच्या दृष्टीने ते काहीसे खरेही आहे. परंतु दुसऱ्याने रांधलेले अन्न दुसऱ्याच कोणी तरी आणून द्यायचे, या व्यवहाराला आपल्याकडे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तो पाहिल्यावर आजच्या वादांचे मूळही सापडते.

खानावळ : ओळखीवर चालणारा व्यवहार

१८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची उभारणी सुरू केली. पुढच्या काही दशकांत गिरण्यांची संख्या वाढत गेली आणि त्यांना लागणारी माणसे कोकणातून व घाटावरून येऊ लागली. आचरा, मालवण, देवगड या किनाऱ्यावरच्या गावांतून मुंबईला जाणारा चाकरमानी बहुधा एकटाच जाई. बायकामुले गावी शेती सांभाळत. परळ-लालबागच्या चाळीत एकाच खोलीत एका गावचे दहा-पंधराजण पाळीपाळीने झोपत. तिथे चूल मांडायला जागा नव्हती आणि रांधायला कोणाला सवडही नव्हती.

ही गरज खानावळवाल्या बायकांनी भागवली. आपल्याच खोलीत दहा-वीस माणसांचे जेवण करायचे, काहींना तिथेच वाढायचे, काहींना डबा द्यायचा आणि हिशेब गिरणीचा पगार झाल्यावर करायचा, अशी ही रीत होती. मालवणी माणसाला घरच्या चवीचे तिखले-भात मिळे. पण महिनाभराचे धान्य बाईला आधी भरावे लागे आणि त्यासाठी सावकाराचे व्याज सोसावे लागे. गिरणीत संप झाला की येणे थांबे, पण जेवणारे थांबत नसत. या धंद्यातला धोका जवळजवळ पूर्णपणे तिच्याच अंगावर होता. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि राष्ट्रीयीकृत बँकांची दारे त्यांना उघडून दिली. धंदा तोच राहिला, स्वयंपाकाची पद्धत तीच राहिली. कर्ज देणारा बदलला आणि बाईची स्थिती पालटली.

डबा : सर्वांना वाचता येणारा पत्ता

खानावळीला समांतर अशी दुसरी व्यवस्था १८९०च्या सुमारास उभी राहिली. महादू हावजी बच्चे यांचे नाव तिच्याशी जोडले जाते. मावळ, खेड, जुन्नर भागातून आलेल्या माणसांनी घरचा डबा कचेरीत पोचवण्याचे काम अंगावर घेतले. एका डब्याला वाटेत चार-पाच हात लागतात. एकजण घरोघरून डबे गोळा करतो, स्टेशनवर त्यांची दिशेप्रमाणे वाटणी होते, लोकलमधून ते शहराच्या दुसऱ्या टोकाला जातात, तिथे पुन्हा वाटणी होते आणि वेगळाच माणूस ते कचेरीत नेऊन देतो. दुपारी हाच प्रवास उलट्या दिशेने होतो.

हे सारे झाकणावर रंगवलेल्या खुणांवर चालते. कोणत्या स्टेशनवर उतरवायचा, तिथून कोणी न्यायचा, कोणती इमारत, कितवा मजला, एवढे चार-पाच अक्षरा-आकड्यांत मावते. जेवणाऱ्याचे पूर्ण नाव किंवा पूर्ण पत्ता झाकणावर नसतो. प्रत्येक टप्प्यावरच्या माणसाला लागेल तेवढीच माहिती असते. माहितीशास्त्राच्या दृष्टीने हे संकेतीकरणाचे उत्तम उदाहरण आहे. आणखी महत्त्वाची गोष्ट अशी, की या खुणा सर्व डबेवाल्यांना वाचता येतात. पैसे गटात जमतात आणि गटातच वाटले जातात.

१९९८ साली 'फोर्ब्स' नियतकालिकातील एका लेखानंतर डबेवाल्यांच्या अचूकतेची कीर्ती जगभर पसरली. लाखो डब्यांत एखादीच चूक, हा आकडा आज अनेक व्यवस्थापन-वर्गांत सांगितला जातो. तो वर्षानुवर्षे चुका मोजून काढलेला आकडा मात्र नव्हे. तोंडी सांगितलेल्या अंदाजावरून तो बांधला गेला. व्यवस्था चोख आहे यात शंका नाही, पण अंदाज आणि मोजमाप यांतला फरक विद्यार्थ्यांना समजावून देण्यास हे उदाहरण चांगले आहे.

ॲप : दर मिनिटाला नवे गणित

डबेवाल्याचे गणित एकदाच सुटते आणि महिनोन्‌महिने चालते, कारण घर तेच, कचेरी तीच आणि वेळही तीच असते. कोणतेही हॉटेल आणि कोणतेही घर यांची ऐनवेळी जोडी लावायची झाली तर काय होईल? आचऱ्यासारख्या गावातल्या पाच वाड्यांत एका माणसाने जेवण पोचवायचे आहे असे समजा. वाड्या कोणत्या क्रमाने घ्यायच्या याचे १२० पर्याय निघतात. पत्ते दहा झाले तर पर्याय ३६,२८,८०० होतात. त्यात मधूनच नवी मागणी आली, रस्ता बंद झाला किंवा स्वयंपाकाला उशीर झाला, की गणित पुन्हा मांडावे लागते. हे काम संगणकाचे. त्यासाठी तो वापरतो त्या पायरीपायरीने उत्तर काढण्याच्या रीतीला अल्गोरिदम म्हणतात.

ही रीत रस्त्यावर उतरायला आणखी काही गोष्टी जुळून याव्या लागल्या. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएस उपग्रहांच्या नागरी संदेशांत मुद्दाम ठेवलेली अचूकतेची त्रुटी काढून टाकली. पुढे स्मार्टफोन स्वस्त झाले आणि २०१६ साली इंटरनेटचे दर कोसळले. दिल्लीत २००८ साली हॉटेलांची पदार्थसूची दाखवणारे संकेतस्थळ म्हणून 'फूडीबे' सुरू झाले. २०१० साली त्याचे नाव 'झोमॅटो' झाले. २०१४ साली बंगळूरमध्ये 'स्विगी' आले. त्याच वर्षी मुंबईत पवईला आयआयटीच्या माजी विद्यार्थ्यांनी काढलेले 'टायनीआऊल' मात्र दोन वर्षांत बंद पडले. जानेवारी २०२० मध्ये 'उबर ईट्स'चा भारतातील व्यवसाय झोमॅटोने घेतला आणि मैदानात प्रामुख्याने दोनच कंपन्या उरल्या. दोनच महिन्यांनी टाळेबंदी आली. लोकल थांबल्या, त्यांबरोबर डबेही थांबले. मोबाईलवरून मागवलेले जेवण मात्र घरोघर पोचत राहिले.

वाद कशाचा आहे?

पहिला वाद हॉटेलवाल्यांचा. ऑगस्ट २०१९ मध्ये सवलतींच्या योजनांना कंटाळून शेकडो हॉटेले ॲपमधून बाहेर पडली. २०२१ साली त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. भरमसाट कमिशन घेतले जाते आणि आपल्याच गिऱ्हाइकाची माहिती आपल्याला मिळत नाही, असे तिचे म्हणणे होते. एप्रिल २०२२ मध्ये आयोगाने चौकशीचा आदेश दिला. ॲप सर्व हॉटेलांना समान वागणूक देते का, आणि हॉटेलाने अन्यत्र कमी दर लावू नये अशी अट घालणे योग्य आहे का, हे त्यातले मुख्य मुद्दे होते.

दुसरा वाद पोचवणाऱ्याचा. कंपनी त्याला नोकर म्हणत नाही, भागीदार म्हणते. पण कोणते काम त्याला द्यायचे आणि फेरीचा दर काय, हे अल्गोरिदम ठरवतो. दुचाकी त्याची, पेट्रोल त्याचे आणि अपघाताची धास्तीही त्याचीच. मार्च २०२२ मध्ये झोमॅटोने दहा मिनिटांत जेवण देण्याची घोषणा केली तेव्हा रस्त्यावरच्या सुरक्षिततेचा प्रश्न देशभर चर्चिला गेला. नीती आयोगाच्या २०२२च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात अशा प्रकारे सुटे काम करणारे, म्हणजे गिग कामगार, ७७ लाख होते. जगातही या प्रश्नावर एकमत नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली उबरच्या चालकांना कामगार मानले, पण २०२३ साली 'डिलिव्हरू'च्या स्वारांना सामूहिक वाटाघाटीचा हक्क नाकारला. आपल्याकडे २०२०ची सामाजिक सुरक्षा संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. तिच्यात अशा कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कामगारांच्या सुरक्षा निधीत द्यावी, अशी तरतूद आहे.

वरवर पाहता हे दोन वेगळे वाद आहेत, पण त्यांचे मूळ एकच आहे. खानावळीत कोण जेवते हे बाईला ठाऊक होते. डब्याच्या झाकणावरची खूण प्रत्येक डबेवाल्याला वाचता येत होती. ॲपच्या व्यवस्थेत रांधणाऱ्याला खाणारा पुरता दिसत नाही आणि पोचवणाऱ्याला दराचा नियम दिसत नाही. दोन्ही बाजू फक्त मधल्या कंपनीला दिसतात. डब्याच्या व्यवस्थेत मोजमाप नव्हते, पण नियम उघडे होते. इथे प्रत्येक सेकंद मोजला जातो, पण नियम झाकलेले आहेत. ज्याच्या हाती माहिती, त्याच्या हाती दर ठरवण्याची सत्ता येते, आणि धोका मात्र ज्याला काहीच दिसत नाही त्याच्याकडे सरकतो.

याचा अर्थ नवे तंत्र वाईट आहे असा नाही. आजारी माणसाला, परगावी शिकणाऱ्या मुलाला, रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेला त्याचा आधार आहे. त्याने लाखो तरुणांना कामही दिले. पण अन्नपूर्णा मंडळाचा अनुभव सांगतो, की धोका कोणी सोसायचा हे तंत्र ठरवीत नाही. ते कर्जाचे, संघटनेचे आणि कायद्याचे नियम ठरवतात. विद्यार्थ्यांना अल्गोरिदम शिकवताना तो कसा चालतो एवढेच सांगून थांबू नये. त्याचे नियम कोणी लिहिले आणि ते कोणाला वाचता येतात, हा प्रश्नही वर्गात विचारला गेला पाहिजे.