तगाई ते सन्मान निधी : वऱ्हाडातील एक शब्देतिहास

शासनाने शेतकऱ्याच्या हाती पैसा ठेवण्याची प्रथा वऱ्हाडात जुनी आहे. तिची नावे मात्र बदलत गेली. नाव बदलले की देणारा व घेणारा यांच्यातील नातेही बदलते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. बडनेऱ्याच्या परिसरातील कोरडवाहू कापूसशेती समोर ठेवून त्याचा येथे विचार केला आहे.

'तगाई' हे 'तकावी' या फारसीमार्गे आलेल्या अरबी शब्दाचे रूप होय. मूळ धातू बलवाचक असून आपला 'कुवत' हा शब्दही त्याच कुळातला. गरजू शेतकऱ्यास पैसे उसने द्यावेत, अशी सूचना 'आईन-इ-अकबरी'त अंमलगुजारास केलेली आढळते; पेशवाईच्या दप्तरांतही तगाई भेटते. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजी कारभाराखाली गेले. पुढे अमेरिकन यादवीच्या काळात (१८६१-६५) कापसाचा भाव चढला, त्याच दशकात लोहमार्ग बडनेऱ्यास पोचला, आणि युद्ध संपताच भाव कोसळला. १८८३ चा कायदा विहिरी, बांध इत्यादी जमीन-सुधारणांसाठी, तर १८८४ चा बी-बियाणे व बैल यांसाठी कर्ज देणारा होता. थकलेली तगाई शेतसाऱ्याच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येई. म्हणजे बळ देणारा हात व जप्ती आणणारा हात एकच! शब्दातील मूळ अर्थ अशा वेळी कोशापुरताच उरतो.

'कर्जमाफी'त व्याकरण वेगळे आहे. माफी अपराधाला असते. सबब घेणारा आधीच दोषी ठरतो. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने 'कर्जमुक्ती' हा शब्द आग्रहाने धरला, तो केवळ शब्दच्छल नव्हता. २०१९ अखेरच्या राज्य योजनेच्या अधिकृत नावात 'कर्जमुक्ती' आली, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट होय. तत्पूर्वी २००८ च्या केंद्रीय योजनेत संपूर्ण माफी दोन हेक्टरांपर्यंतच्या धारकांस होती. त्यावरील धारकाने पंचाहत्तर टक्के भरल्यास पंचवीस टक्के सूट मिळे. पाण्याखालील दोन हेक्टर व पावसावरील दोन हेक्टर यांस एकच माप लावल्याने, क्षेत्र मोठे पण उत्पन्न बेभरवशाचे असलेला वऱ्हाडी शेतकरी माफीबाहेर पडला. सावकाराचे कर्ज तर हिशेबातच नव्हते.

२०१९ च्या 'किसान सन्मान निधी'त परतफेड नाही, अपराधही नाही. वर्षाला सहा हजार रुपये, दोन हजारांच्या तीन हप्त्यांत, थेट खात्यात. २०२३ मध्ये राज्याने तेवढीच रक्कम जोडली. परंतु हा सन्मान कोणाचा? वारसाहक्काचा अपवाद सोडल्यास १ फेब्रुवारी २०१९ रोजी जमीन ज्याच्या नावे, त्याचा. मक्त्याने शेत करणारा, तसेच सातबाऱ्यावर नाव नसलेली राबती स्त्री, या 'किसान' शब्दाच्या व्याप्तीत येत नाहीत. मराठीत शेतकरी म्हणजे शेती करणारा. योजनेच्या परिभाषेत तो शेत असणारा झाला.

हा अर्थपालट आपल्यापुरता नाही. अमेरिकेत १९३३ च्या कायद्याने कापसाचा पेरा घटविण्यासाठी पैसे दिले, ते बहुतांशी जमीनमालकांकडे गेले आणि पेरा घटताच वाटेकरी कुळे शेतावरून उठविली गेली. १९३४ मध्ये आर्कान्सामध्ये कुळांचा संघ उभा राहिला, तो याच कारणाने. वऱ्हाडात मक्त्याचा करार बहुधा तोंडीच असतो. तेथे कुळाजवळ दाखवायला कागदही नसतो.