लाटांचा हिशेब

१८ सप्टेंबर १९०१ रोजी ब्रिटिश नौदलाची ‘कोब्रा’ ही विनाशिका उत्तर समुद्रात मध्यावर दुभंगली आणि ६७ माणसे प्राणास मुकली. लष्करी न्यायालयाने दोष ठेवला तो जहाजाच्या दुर्बळ बांधणीवर.

त्या काळी बांधणीचा ठोकताळा सोपा होता. जहाजाइतकीच लांब लाट कल्पावी. तिचा माथा एकदा जहाजाच्या मध्यावर, एकदा दोन्ही टोकांशी आला असे धरावे, आणि पोलाद तेवढा वाक सोसते की नाही ते पाहावे. ‘कोब्रा’नंतर नौदलाने ‘वुल्फ’ ही विनाशिका कोरड्या गोदीत आधी मध्यावर, मग टोकांवर टेकवून ताण मोजले. पुढे तिला खवळलेल्या समुद्रातही नेले. प्रत्यक्ष ताण गणितापेक्षा कमीच भरले. ठोकताळ्यावरील विश्वास साहजिकच दृढ झाला.

परंतु हा हिशेब एकाच मोठ्या लाटेचा होता. एका घावाने न तुटणारे लोखंड असंख्य हलक्या हेलकाव्यांनी तुटते, हे जर्मन अभियंता ऑगस्ट व्होलर याने आगगाडीच्या आसांवर प्रयोग करून १८६० च्या दशकातच दाखविले होते. तार वाकवून वाकवून तोडणाऱ्या पोरालाही ते ठाऊक असते! जहाजाच्या वाट्याला तर वीस वर्षांत सुमारे १० कोटी लाटा येतात. त्यांतल्या मध्यम लाटाच, केवळ संख्येच्या बळावर, जोडांच्या कोपऱ्यांत भेगा पाडतात.

या उपेक्षेची किंमत मोजावी लागली ती तेलवाहू जहाजांना. १९७७ पासून अलास्काचे तेल नेणाऱ्या जहाजांना उत्तर पॅसिफिकच्या लाटांत वारंवार तडे जात. जपानी बांधणीच्या टँकरांचा अनुभव अधिक बोलका आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांत अधिक बळकट जातीचे पोलाद वापरले गेले. पोलाद बळकट, म्हणून पत्रे पातळ! पण पोलादाचे बळ वाढले म्हणून वेल्डिंगच्या सांध्याची थकवा सोसण्याची शक्ती वाढत नाही. थोड्याच वर्षांत जहाजांच्या कुशीतील आडव्या पट्ट्यांना पाणरेषेच्या आसपास भेगा पडू लागल्या. तेथे प्रत्येक लाटेगणिक पाण्याचा दाब चढतो नि उतरतो; सबंध जहाज फारसे वाकले नाही तरी त्याची कूस आतबाहेर होतच राहते. जुन्या ठोकताळ्यात या हालचालीला जागाच नव्हती.

जहाजांचे वर्गीकरण करणाऱ्या संस्थांनी २००६ मध्ये सामाईक नियम अमलात आणले. तेव्हापासून मोठ्या टँकरचे आयुष्य २५ वर्षांचे धरून उत्तर अटलांटिकच्या लाटांवर थकव्याचे गणित मांडावे लागते. मग ते जहाज पुढे जन्मभर शांत समुद्रातच का फिरेना.