नाव श्रीलंकेचं, माशी बीडची

बीडमध्ये एखाद्या जुन्या दगडी भिंतीच्या फटीतून मेण-राळेची बारीक नळी बाहेर आलेली दिसली, तर आत पोयाच्या माश्या असणार. जेमतेम चार मिलिमीटरची माशी, नांगी निकामी. पुस्तकं तिला टेट्रागोनुला इरिडिपेनिस म्हणतात, म्हणजे इंद्रधनुषी पंखांची. फ्रेडरिक स्मिथ यांनी १८५४ मध्ये हे जातिनाम दिलं ते श्रीलंकेतल्या नमुन्यांवरून. पुढे भारतात कुठंही अशी बारीक माशी सापडली, की बहुधा तेच नाव चिकटवलं जाई.

१९७८ मध्ये जपानच्या शोइची साकागामी यांनी आशियातले नमुने बारकाईनं तपासले : पाठीवरच्या केसांचे पट्टे, मागच्या पायाची लांबी, डोळा व जबडा यांमधलं अंतर, नराची जननेंद्रियं. दिसायला सारख्या माश्यांमधून त्यांनी जाती वेगळ्या काढल्या. अलीकडे भारतातूनही नव्या जातींची वर्णनं झाली आहेत. मग बीडची माशी नक्की कोणती?

नुसती मापं इथं फसवतात. या माश्या कोठडीत आधी सगळं अन्न भरतात, राणी अंडं घालते, लगेच झाकण लागतं. अळीला नंतर घासही मिळत नाही. अन्न कमी पडलं, तर माशी लहानखुरी निघते. बीडसारख्या अवर्षणाच्या मुलखात तर हे विसरूच नये. म्हणून इथल्या एका घरट्यातल्या दहा माश्या कोकणातल्या दहांशी ताडून पाहणं आम्हांला पुरेसं वाटत नाही. दोन्हीकडची अनेक घरटी हवीत, आणि नरही हवेत. कामकरी माश्या तर वर्षभर दारात असतात. नर मात्र हवे तेव्हा हाती लागत नाहीत.