फाटकापर्यंत आलेली तार : कम्युनिटी कॉलेजं आणि वेगवान इंटरनेटचा इतिहास

मागच्या व्याख्यानात आपण इंटरनेटच्या जन्माची गोष्ट पाहिली. आज त्याच गोष्टीची थोडी मागे राहिलेली बाजू बघू या. हे जाळं कोणाच्या दारात आधी गेलं, कोणाच्या दारात उशिरा गेलं, आणि का?

सुरुवात शेवटाकडून करतो. मार्च २०२० मध्ये कॅलिफोर्नियातली कॉलेजं बंद झाली, वर्ग ऑनलाइन गेले. पण काही कॉलेजांची पार्किंगची मैदानं उघडी ठेवावी लागली. कशासाठी? घरी धड इंटरनेट नसलेली मुलं-माणसं गाडीत बसून, मांडीवर लॅपटॉप घेऊन, कॉलेजच्या वाय-फायवर तास ऐकत होती. सिलिकॉन व्हॅलीच्या राज्यातली ही गोष्ट आहे, हे लक्षात घ्या.

आता कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय, ते आधी सांगतो. दोन वर्षांचं शिक्षण, माफक फी, आणि प्रवेश जवळपास सगळ्यांना खुला. अमेरिकेतलं असं पहिलं सरकारी कॉलेज १९०१ साली इलिनॉयमधल्या जोलिएटला निघालं. कॅलिफोर्नियात १९१० मध्ये फ्रेझ्नोला सुरुवात झाली. १९६० च्या मास्टर प्लॅनने राज्यात तीन पायऱ्या पक्क्या केल्या. वर युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, मध्ये कॅलिफोर्निया स्टेट, आणि सर्वांसाठी उघडं दार म्हणून ही कॉलेजं. १९८४ पर्यंत इथे फीच नव्हती. आज अशी ११६ कॉलेजं आहेत आणि विद्यार्थी सुमारे वीस लाख. दिवसा काम करून संध्याकाळी शिकणारे, नर्सिंगवाले, वेल्डिंगवाले, इथून पुढे विद्यापीठात जाणारे, सगळे त्यात आले. बे एरियातल्या मराठी घरांना कुपर्टिनोचं डी अँझा कॉलेज माहीत असेलच.

आणि जाळं? १९६९ च्या अखेरीस आर्पानेटवर चार ठिकाणं होती. त्यातली तीन कॅलिफोर्नियात. लॉस एंजेलिस आणि सांता बार्बराची विद्यापीठं आणि स्टॅनफर्डची संशोधन संस्था. चौथं युटा. त्या वेळी राज्यात डझनांनी कम्युनिटी कॉलेजं होती, पण त्यांचा विचार व्हायचं कारणच नव्हतं. पैसा संरक्षण खात्याचा होता, काम संशोधनाचं होतं. पुढे १९८६ ला नॅशनल सायन्स फाउंडेशनचं जाळं आलं, सेकंदाला ५६ किलोबिटचं. १९८८ मध्ये ते दीड मेगाबिटवर गेलं आणि नव्वदच्या सुरुवातीला ४५ वर. हेतू तोच, सुपरकॉम्प्युटर संशोधकांच्या हाताशी आणणं. १९९५ मध्ये ते बंद होऊन कारभार खासगी कंपन्यांकडे गेला, तेव्हा १९९६ मध्ये ३४ विद्यापीठांनी एकत्र येऊन इंटरनेट-टू उभं केलं. तीही संशोधन विद्यापीठंच.

त्याच वर्षी, १९९६ मध्ये, अमेरिकेत नवा दूरसंचार कायदा झाला. त्यातून ई-रेट नावाची योजना निघाली. शाळा आणि सार्वजनिक ग्रंथालयांना जोडणीच्या खर्चात २० ते ९० टक्के सवलत, आणि त्यासाठी वर्षाला सव्वादोन अब्ज डॉलरपर्यंत तरतूद. योजना चांगलीच होती. पण कायद्यात शब्द होते प्राथमिक आणि माध्यमिक शाळा, आणि ग्रंथालयं. कॉलेज नाही.

म्हणजे बघा, वरच्या पंगतीला संशोधनाचं ताट, लहान मुलांच्या पंगतीला सवलतीचं ताट. आणि मधला, वयाने मोठा, नोकरी सांभाळून शिकणारा विद्यार्थी? त्याला कोणी मुद्दाम उठवलं नाही. फक्त कुठल्याच यादीत त्याचं नाव नव्हतं. इतिहासात वगळणं बरेचदा असंच घडतं, त्याला शत्रू लागत नाही.

त्या काळी अनेक कॉलेजांकडे जी जोडणी असायची, तिला टी-वन म्हणत. वेग दीड मेगाबिट. साधा हिशोब करू. लॅबमध्ये आणि ऑफिसात मिळून शंभर संगणक एकाच वेळी चालू असतील, तर एकाच्या वाट्याला पंधरा किलोबिट. घरचा टेलिफोनवरचा मोडेम ५६ चा! (हशा.) हसू येतं, पण प्रवेश अर्ज, आर्थिक मदतीचे फॉर्म, अभ्यासाचं साहित्य, सगळं हळूहळू ऑनलाइन जात होतं. पूर्वी जाळं म्हणजे ग्रंथालयातलं एक जादा कपाट होतं. आता ते कॉलेजचं फाटक झालं. आणि फाटक अरुंद असेल तर 'सर्वांना प्रवेश' या वचनाचं काय करायचं?

कॅलिफोर्नियाने काढलेली वाट मला महत्त्वाची वाटते. नव्वदच्या उत्तरार्धात कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाच्या जाळ्यात कम्युनिटी कॉलेजं सामील झाली. त्या संयुक्त जाळ्याचं नाव फोर-सी-नेट. इकडे १९९७ मध्ये मोठ्या विद्यापीठांनी सेनिक नावाची ना-नफा संस्था काढली आणि तिचं कॅलरेन हे जाळं उभं राहिलं. २००० नंतरच्या काही वर्षांत हे सगळे एकाच छताखाली आले. शाळाही आल्या. कोणत्याही एका कॉलेजने एकट्याने कंपनीशी घासाघीस करण्यापेक्षा सगळ्यांचा मिळून सौदा. क्विन्सीचं फेदर रिव्हर कॉलेज डोंगरात आहे, ब्लाइथचं पालो व्हर्डे वाळवंटाच्या कडेला. अशा जागी तार नेणं महाग, आणि नेणारी कंपनी बहुधा एखादीच. राज्याच्या निधीतून जोडणीचा खर्च भागला, म्हणून ही लांबची कॉलेजंही त्याच जाळ्यात बसली.

यातली तांत्रिक खुबीही समजून घ्या. सेनिकने भाड्याने घेतली ती नुसती काचेची तार, जिला डार्क फायबर म्हणतात. म्हणजे जमिनीत पुरलेली, पण प्रकाश न सोडलेली. दोन्ही टोकांची यंत्रं आपली. वेग वाढवायचा तर रस्ता पुन्हा खणायला नको, टोकाची यंत्रं बदलायची. दीड मेगाबिटवरून ४५, मग एक गिगाबिट, आणि पुढे अनेक कॉलेजांना दहा गिगाबिट. टी-वनच्या सुमारे साडेसहा हजार पट. शिवाय दुसरी, वेगळ्या वाटेने येणारी जोडणी. कारण एकच तार असेल आणि जेसीबीने ती तोडली, तर अख्खं कॉलेज बंद. हा अनुभव आपल्याकडेही कोणाला सांगायला नको.

देशपातळीवर यादीत नाव आलं ते २००९ मध्ये. मंदीतून सावरण्यासाठी झालेल्या कायद्यात ब्रॉडबँडसाठी सात अब्जांहून जास्त डॉलर होते. त्यातले किमान २० कोटी सार्वजनिक संगणक केंद्रांसाठी, आणि तिथे ग्रंथालयांबरोबर 'कम्युनिटी कॉलेज' हा शब्द प्रत्यक्ष लिहिलेला होता. १९९६ मध्ये नसलेला शब्द तेरा वर्षांनी आला.

मग प्रश्न सुटला का? तार फाटकापर्यंत आली. पण आतल्या जुन्या इमारतींत तांब्याच्या जुन्या वायरी आणि जुने स्विच असतील, तर दहा गिगाबिट भिंतीशीच थांबतात. मोठ्या पाइपला बारीक नळ लावल्यासारखं. आतलं काम दिसत नाही, त्याची फीत कापता येत नाही, म्हणून निधीतही ते मागे पडतं. आणि दुसरं टोक, विद्यार्थ्याचं घर. ते तर जाळ्याच्या नकाशातच नव्हतं. २०२० ने तेच दाखवलं. कॉलेज वेगवान, विद्यार्थी पार्किंगमध्ये.

जुलै २०२१ मध्ये राज्याने ब्रॉडबँडसाठी ६ अब्ज डॉलरचा कायदा केला. त्यातले सव्वातीन अब्ज मधल्या टप्प्याच्या तारांसाठी. देखरेखीचं काम सेनिकच्याच एका संलग्न संस्थेकडे गेलं. पंचवीस वर्षांची भागीदारी अशी कामाला आली.

तर आजचा मुद्दा एवढाच. वेगाचा इतिहास सांगताना आपण आकडे सांगतो, ५६ किलोबिट, दीड मेगाबिट, दहा गिगाबिट. त्या प्रत्येक आकड्याशेजारी, तो कोणाच्या दारात कधी पोहोचला, हेही लिहायला हवं. गाडीत बसून तास ऐकणाऱ्या त्या विद्यार्थ्याला या दुसऱ्या रकान्याचा अर्थ पुरता ठाऊक आहे.

इथे थांबतो.