घडी, पिन आणि मोहोर : पॅराशूट-तपासणीच्या परंपरेचा इतिहास

पॅराशूटच्या इतिहासात उडी मारणाऱ्यांची नावे ठळकपणे नोंदली गेली. मात्र ज्यांनी कापडाची घडी घातली, दोरांचा गुंता सोडवला आणि प्रत्येक शिवण बोटांखालून घातली, ते बहुतेक अनामिकच राहिले. आकाशातून सुखरूप उतरण्याच्या या विद्येची खरी वाढ धाडसात झालेली नाही. ती तपासणीच्या शिस्तीत झाली आहे. आंद्रे-जाक गार्नरँ 22 ऑक्टोबर 1797 रोजी पॅरिसमध्ये फुग्यातून उतरला, आणि 1889 मध्ये पर्सिव्हल स्पेन्सर या इंग्रज वैमानिकाने हिंदुस्थानच्या दौऱ्यात अशाच उड्यांचे प्रयोग केले. त्या काळी पॅराशूट फुग्याला मोकळे टांगलेले असे, त्यामुळे त्यातील दोष डोळ्यांना दिसत आणि उडी मारणाऱ्याने स्वतः एकदा नजर फिरवली की पुरेसे ठरे.

विसाव्या शतकाच्या आरंभी कापड घडी करून पिशवीत बंद करण्याची पद्धत आली, तेव्हा ही स्थिती पालटली. 28 एप्रिल 1919 रोजी अमेरिकेतील मॅककुक फील्ड येथे लेस्ली अर्विन याने विमानातून उडी घेतली आणि हवेत असताना स्वतःच्या हाताने दोर ओढून पाठीवरचे पॅराशूट उघडले. त्या दिवसापासून उडी मारणाऱ्याचा जीव डोळ्यांआड गेलेल्या घडीवर अवलंबून राहू लागला. ही घडी बहुधा दुसऱ्याच कोणीतरी घातलेली असे, म्हणून घडी घालणाऱ्याला प्रशिक्षण देणे, त्याच्या कामाची नोंद ठेवणे आणि त्या कामाला त्याच्या नावाने जबाबदार धरणे आवश्यक झाले. अमेरिकी नौदलाने 1924 मध्ये लेकहर्स्ट येथे पॅराशूट-दुरुस्तीची शाळा काढली. तेथे प्रशिक्षणार्थ्याला स्वतः घडी घातलेल्या पॅराशूटनेच उडी मारावी लागे. जबाबदारी शिकवण्याची याहून प्रामाणिक पद्धत सापडणे कठीण आहे.

हिंदुस्थानात या विद्येला लष्करी रूप 1941 मध्ये मिळाले. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये 50 वी भारतीय पॅराशूट ब्रिगेड उभी राहिली आणि कानपूर येथे पॅराशूट बनवणारा सरकारी कारखानाही त्याच वर्षी सुरू झाला. पुढे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर रेशमी पॅराशूटांचा तुटवडा पडला, तेव्हा जनरल स्लिम यांच्या सैन्याने कलकत्त्यात तागाची पॅराशूटे शिवून घेतली. रेशमी पॅराशूटला वीस पौंडांहून अधिक खर्च येई, तर तागाचे एक पौंडाच्या आसपास तयार होई. ती रसद टाकण्यासाठी होती. पोत्यासाठी चालणारे कापड माणसासाठी चालत नाही, हा भेद तेव्हापासून आजवर कायम आहे. हवामानाचाही प्रश्न होता. चिंचोटी-वसईच्या पट्ट्यासारख्या दमट किनारी प्रदेशात रेशीम आणि सुती दोर पावसाळ्यात ओल धरतात आणि त्यांवर बुरशी चढते. अशा ठिकाणी पॅराशूट उलगडून टांगणे, वाळवणे आणि पुन्हा घडी करणे हे तपासणीचेच अंग ठरते. नायलॉन आल्यावर बुरशीची भीती कमी झाली, तरी ऊन, घाम आणि वाळू हे शत्रू उरलेच.

या परंपरेतील महाराष्ट्राचा वाटा मुख्यतः मराठा पलटणीचा आहे. मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण छत्रीधारी पलटण झाली आणि 15 एप्रिल 1952 रोजी पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण म्हणून तिची पुनर्रचना झाली. ‘2 पॅरा (मराठा)’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पलटणीने 11 डिसेंबर 1971 रोजी लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या नेतृत्वाखाली बांगलादेशातील टांगाईलजवळ उडी घेतली आणि पुंगली येथील पूल ताब्यात घेतला. सैनिकांच्या अशा उडीत ‘स्टॅटिक लाइन’ वापरतात. विमानातील तारेला अडकवलेल्या या पट्ट्याने पॅराशूट आपोआप उघडते, सैनिकाला दोर ओढावा लागत नाही. म्हणून पट्ट्याची कडी तारेत नीट बसली आहे का, हे पाहणे निर्णायक ठरते. रांगेतील प्रत्येक जण आपल्या पुढच्याची पाठ तपासतो, आणि शेवटच्यापासून सुरू झालेला ‘ठीक’ असा निरोप दारापर्यंत पोहोचतो. टांगाईलच्या उडीत सातशेच्या आसपास जवान विमानांतून शत्रूच्या प्रदेशात उतरले, त्यामागे या शिस्तीचे बळ होते, आणि विजयाच्या वर्णनात तिला याहून मोठी जागा मिळायला हवी होती.

नागरी क्रीडेत पाठीवर एकाच पिशवीत मुख्य आणि राखीव अशी दोन पॅराशूटे असतात. अमेरिकी नियमांनुसार मुख्य पॅराशूटची घडी उडी मारणारा स्वतः घालू शकतो, परंतु राखीव पॅराशूट परवानाधारक ‘रिगर’नेच तपासावे लागते, तो पिशवी बंद ठेवणाऱ्या पिनेवर आपली खूण असलेली शिशाची मोहोर लावतो आणि तारीख नोंदवतो. कृत्रिम धाग्याच्या पॅराशूटसाठी 2008 पर्यंत ही मुदत 120 दिवसांची होती, त्यानंतर ती 180 दिवसांची झाली. रेशमासारख्या नैसर्गिक धाग्यासाठी मात्र 60 दिवसच राहिली. 1991 मध्ये जर्मनीत ‘सायप्रेस’ हे यंत्र आले. उडी मारणारा सुमारे 750 फुटांवर असूनही वेगाने खाली येत असेल, तर ते राखीव पॅराशूट आपोआप उघडते. यंत्र आल्याने तपासणी संपली नाही, उलट यंत्राच्याही तपासणीचे वेळापत्रक ठरवावे लागले.

पुण्याच्या शीतल महाजन यांनी 18 एप्रिल 2004 रोजी उत्तर ध्रुवावर आयुष्यातील पहिली उडी घेतली आणि फेब्रुवारी 2018 मध्ये थायलंडमध्ये नऊवारी साडी नेसून उडी मारली. त्या साडीचा कौतुकाने उल्लेख होतो. तपासणीच्या दृष्टीने मात्र तो अवघड प्रसंग होता, कारण साडीचा सुटा घोळ हँडलवर आला किंवा वाऱ्याने फडफडून दोरांत अडकला, तर पॅराशूट उघडण्यात अडथळा येऊ शकतो. असा पोशाख आधी नीट आवळून, टाचून, त्यावर पॅराशूट चढवावे लागते आणि प्रत्येक हँडल हाताला मोकळे लागते का हे पुन्हा पाहावे लागते.

घडीच्या नोंदवह्या, रिगरांच्या मोहोरा आणि पलटणींच्या तपासणीपुस्तिका आजवर इतिहासाची साधने मानल्या गेलेल्या नाहीत. लष्करी संग्रहालयांनी आणि माजी छत्रीधारी सैनिकांच्या कुटुंबांनी घरात पडलेले असे कागद जपावेत आणि संशोधकांना ते खुले करावेत.