प्रस्तावना : मोजलेले रान

१८५६ साली डीट्रिश ब्रँडिस हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रह्मदेशातल्या पेगू प्रांतात सागवनांचे अधीक्षक म्हणून रुजू झाले. सागाची तोड जोरात होती आणि रानात साग उरला किती, हे आधी कळायला हवे होते. ब्रँडिस हत्तीवर बसून रानातून जात. वाटेच्या दोन्ही अंगांना ठरलेल्या अंतरात जो साग दिसेल त्याची जाडी नजरेने जोखत आणि हातातल्या बांबूच्या काठीवर सुरीने एक खाच पाडत. जाडीच्या प्रत्येक वर्गाची काठी वेगळी. मग खाचा मोजायच्या, चाललेल्या पट्ट्याचे क्षेत्रफळ काढायचे आणि त्यावरून अख्ख्या रानाचा हिशेब मांडायचा. पुढे १८६४ मध्ये तेच भारताचे पहिले वन महानिरीक्षक झाले.

पुस्तकाच्या दारातच त्या काठ्या दाखवतो आहे, कारण उपग्रह आणि जीपीएस हाताशी असलेली आजची राष्ट्रीय वन मोजणी मुळात तेच करते. थोडे नीट मोजायचे आणि त्यावरून साऱ्याचा अंदाज बांधायचा. शितावरून भाताची परीक्षा हे आपल्या स्वयंपाकघरातलेच शास्त्र आहे. प्रश्न एवढाच, की शीत कुठले उचलायचे? वरचे उचलले तर तळाशी भात करपला आहे हे कळणारच नाही. या विषयात नव्याने येणाऱ्याने इतके ध्यानात धरले तरी निम्मी वाट सरली, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे.

देशाच्या पातळीवर हा प्रश्न आधी हाती घेतला तो युरोपच्या उत्तरेकडच्या देशांनी. नॉर्वेने १९१९ मध्ये, फिनलंडने १९२१ मध्ये, स्वीडनने १९२३ मध्ये राष्ट्रीय मोजणी सुरू केली. फिनलंडमध्ये इर्यो इल्वेसालो यांच्या देखरेखीखाली मोजणीदारांची पथके समांतर रेषांवरून देशभर चालत गेली आणि रेषेवर जे येईल ते लिहीत गेली. लाकडावर जगणाऱ्या देशांना आपली कोठी मोजणे भाग होते.

आपल्याकडची सुरुवातही लाकडापासूनच झाली. १९६५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या आणि विकास कार्यक्रमाच्या मदतीने केंद्र सरकारने गुंतवणूकपूर्व वनसंपदा सर्वेक्षण हाती घेतले. लाकडावर चालणारे कारखाने कुठे काढता येतील, त्यांना कच्चा माल किती पुरेल, हे पाहणे हा त्याचा हेतू. १९७६ मध्ये राष्ट्रीय कृषी आयोगाने कायमस्वरूपी संस्थेची शिफारस केली आणि १ जून १९८१ रोजी भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उभी राहिली. मुख्यालय डेहराडूनला, विभागीय कार्यालये सिमला, कोलकाता, बंगळूर आणि आपल्या नागपुरात. कारखान्यासाठी सुरू झालेल्या कामाला पुढे वनाच्छादनाचा आणि त्यानंतर कार्बनचा हिशेब चिकटला. उद्देश दोनदा बदलला, तरी रानात जाऊन खोडाला टेप लावणे काही बदलले नाही.

वर्तमानपत्रांतून लोकांना माहीत असतो तो या संस्थेचा द्वैवार्षिक वनस्थिती अहवाल. पहिला १९८७ चा. अठरावा, म्हणजे २०२३ चा, डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशाचे वनाच्छादन ७,१५,३४३ चौरस किलोमीटर, म्हणजे भौगोलिक क्षेत्राच्या २१.७६ टक्के आहे. वनाबाहेरच्या झाडांचे आच्छादन मिळवले की आकडा २५.१७ टक्क्यांवर जातो. दर दोन वर्षांनी मथळा होतो, की वने वाढली किंवा घटली. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणातले एक तृतीयांशाचे उद्दिष्ट किती दूर राहिले याची चर्चा होते आणि विषय मिटतो.

तो तिथे मिटू नये, यासाठी हे पुस्तक आहे.

हा टक्का नेमका कशाचा, ते पाहू. सर्वेक्षणाच्या व्याख्येप्रमाणे किमान एक हेक्टर जमीन आणि तिच्यावर दहा टक्के किंवा अधिक छत्र असले, की ते वनाच्छादन. जमीन कुणाची, झाड कुठले, लावलेले की आपसूक उगवलेले, हे व्याख्या विचारत नाही. म्हणजे रत्नागिरीतली घनदाट हापूसची बाग यात येते, केरळातली नारळाची वाडी येते, आसामातला सावलीच्या झाडांखालचा चहामळाही येऊ शकतो. व्याख्या लपवलेली नाही, प्रत्येक अहवालात छापलेली असते. पण मथळा वाचणारा माणूस वन म्हणताच ताडोबा डोळ्यांसमोर आणतो, हापूसची बाग आणत नाही.

दुसरी गोष्ट मापाची. पहिल्या अहवालाच्या वेळी नकाशाचे प्रमाण दहा लाखास एक होते. चारशे हेक्टरांहून लहान रानाचा तुकडा त्यात दिसतच नसे. पुढे हे किमान माप पंचवीस हेक्टरांवर आले, आता एका हेक्टरावर आहे. चाळण बारीक झाली की वर राहणारे दाणे वाढतात. १९८७ चा आकडा आणि आजचा आकडा शेजारी ठेवून इतके वन वाढले असे म्हणणे म्हणूनच चुकीचे आहे. ही तुलना मी शिकल्या-सवरल्या माणसांच्या लेखांतही वाचतो आणि दरवेळी वाईट वाटते.

उपग्रहाला छत्र दिसते. छत्राखाली काय आहे, ते बघायला पायीच जावे लागते. तिथून राष्ट्रीय वन मोजणीचा दुसरा, कमी बोलला जाणारा आणि माझ्या मते अधिक मोलाचा अर्धा भाग सुरू होतो.

२०१६ पासून या मोजणीची नवी रचना लागू झाली. साऱ्या देशावर पाच किलोमीटर बाय पाच किलोमीटरचे चौकोनी जाळे टाकले आहे. दरवर्षी त्यातला एक पंचमांश भाग घ्यायचा आणि पाच वर्षांत देश पुरा करायचा. आधीच्या पद्धतीत दोन वर्षांच्या फेरीत निवडक साठ जिल्हेच मोजले जात आणि प्रत्येक ठिकाणी ३१.६२ मीटर बाजूचा चौरस, म्हणजे हेक्टराचा दहावा भाग, आखला जाई. आता त्याजागी आठ मीटर त्रिज्येच्या चार वर्तुळांचा गट असतो. एक मध्ये, तीन भोवती.

ते वर्तुळ प्रत्यक्षात कसे दिसते? गडचिरोलीच्या बाजूचे मिश्र रान समजा. गाडी वाटेवर सोडून पथक दोन तास चालते आणि जीपीएसवर बिंदू जुळतो तिथे खुंटी रोवते. मध्यभागी एक जण टेपचे टोक धरून उभा. दुसरा आठ मीटरचे टोक घेऊन फिरतो आणि आतली झाडे खडूने खुणावतो. ऐन, धावडा, मोह, तेंदू, लेंडिया. प्रत्येक खोडाची जाडी जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजायची. उतारावर झाड असेल तर ही उंची वरच्या बाजूने धरायची. खोड या उंचीच्या खालीच दुभंगले असेल तर ती दोन झाडे, वर दुभंगले असेल तर एक. बांबूचे बेट असेल तर त्यातले कोवळे, पक्के, वाळके वेगवेगळे मोजायचे. मग तीस सेंटीमीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा घेऊन मातीचा नमुना पिशवीत बांधायचा. मातीतल्या कार्बनचा हिशेब त्यावरूनच निघतो. सोबतचा वनमजूर साल खरवडून, वास घेऊन झाडाचे नाव सांगतो. पानगळीच्या दिवसांत, फांदीवर एक पान नसताना, रोहन आणि बिजा वेगळे ओळखणारी ती माणसे नसती तर या साऱ्या तक्त्यांमधला प्रजातींचा रकाना कोरा राहिला असता. ऋणनिर्देशात त्यांची नावे क्वचितच येतात, म्हणून इथे त्यांचा उल्लेख मुद्दाम करतो.

आता या शास्त्रातला सर्वांत कठीण नियम सांगतो. बिंदू हलवायचा नाही. तो कातळावर पडो, नुकत्याच तोडलेल्या कूपात पडो, एकही झाड नसलेल्या गवतात पडो, जिथे पडला तिथेच मोजणी. झाडे शून्य असतील तर शून्य लिहायचे. दोन तास पायपीट करून आलेल्या पथकाला पन्नास पावलांवरचे डेरेदार रान खुणावते. 'तिथे घेऊ या की' हा विचार माणसाच्या मनात येणारच. पण तिथे सरकलेले प्रत्येक वर्तुळ देशाच्या खात्यात नसलेले लाकूड जमा करते.

नसलेल्या मालाचा परिणाम काय होतो, हे कर्नाटकातल्या बांबूने दाखवून दिले आहे. कागद गिरण्यांना बांबू कमी पडू लागला तेव्हा माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रानात जाऊन साठ्याची तपासणी केली. कागदोपत्री अंदाज प्रत्यक्षाच्या कितीतरी पट निघाले. मोठे कारण साधे होते. बांबूच्या बेटांमधल्या मोकळ्या जागा हिशेबात धरल्याच नव्हत्या. बेटे मोजली, रिकामी जागा मोजली नाही, आणि त्या फुगलेल्या आकड्यावर वर्षानुवर्षांचे करार उभे राहिले. न लिहिलेल्या शून्यांची किंमत रानाने आणि त्या बांबूवर पोट असलेल्या बुरुडांनी मोजली.

मोजलेल्या जाडीवरून लाकडाचे घनमान काढायला प्रत्येक प्रजातीची आणि प्रदेशाची समीकरणे लागतात. सर्वेक्षणाने १९९६ मध्ये भारत, नेपाळ आणि भूतानच्या वनांसाठी ती ग्रंथरूपात एकत्र केली. एका पिढीचे कष्ट त्यात आहेत. पण झाडांच्या वाढीची परिस्थिती बदलते आहे आणि शेताच्या बांधावरचा साग रानातल्या सागासारखा वाढत नाही. ही समीकरणे नव्याने तपासणे हे तरुण संशोधकांसाठी हातात तयार असलेले काम आहे. गणित येणाऱ्यांनी पुस्तकातल्या समीकरणांच्या प्रकरणापासून वाचायला सुरुवात केली तरी चालेल.

पुढच्या काळाबद्दल तीन गोष्टी मला मनापासून वाटतात. पहिली, त्याच बिंदूवर परत जाण्याची. एकदा मोजलेले वर्तुळ म्हणजे एक छायाचित्र; पाच वर्षांनी तीच झाडे पुन्हा मोजली की कळते, कोणते वाढले, कोणते मेले, नवे काय उगवले. २०३० पर्यंत अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइड सामावेल एवढी जादा वनसंपदा उभी करण्याचे वचन भारताने जगाला दिले आहे. त्या वचनाचा पुरावा या पुनर्मोजणीतूनच यायचा आहे. नकाशावरच्या हिरव्या रंगाने ते भागणार नाही.

दुसरी, नोंदी खुल्या करण्याची. आज बेरजा छापल्या जातात, वर्तुळनिहाय मूळ नोंदी अभ्यासकाला सहजी मिळत नाहीत. अमेरिकेत राष्ट्रीय मोजणीच्या नोंदी सर्वांना खुल्या असतात. जमीनमालकाची गुप्तता राहावी म्हणून बिंदूचे स्थान तेवढे किंचित सरकवून दिले जाते. आपल्याला ही वाट चोखाळायला अडचण नसावी. सार्वजनिक पैशाने मोजलेले रान सार्वजनिकच असायला हवे.

तिसरी गोष्ट माळरानांची. झाड हेच माप धरले की सोलापूरच्या नान्नजचा माळ, जिथे माळढोकासाठी अभयारण्य राखले आहे, हिशेबात जवळजवळ रिकामा दिसतो. मग अशा माळावर झाडे लावली तर टक्का वाढतो आणि गवत, खुरट्या बोरी, त्यांवर जगणारे पाखरू संपते. नोंदीतले शून्य प्रामाणिकच आहे. ते वाचताना त्याला पडीक समजणे ही आपली चूक. गवताळ प्रदेशांसाठी त्यांच्या स्वतःच्या मापांची मोजणी लागेल, आणि ती घडवायला वनस्पतिशास्त्रज्ञांइतकेच धनगरांचे ज्ञान लागेल.

पुस्तकातली प्रकरणे कुठल्याही क्रमाने वाचता येतील. सांख्यिकीची धास्ती वाटणाऱ्यांनी ते प्रकरण मागाहून घ्यावे, पण टाळू नये. आणि वाचण्याआधी एक काम करावे, अशी माझी विनंती आहे. घराजवळच्या टेकडीवर, देवराईत किंवा माळावर जा. नकाशावर डोळे मिटून बोट ठेवा आणि बोट पडेल तिथे दोरीने आठ मीटरचे वर्तुळ आखा. आत असेल ते लिहा, काही नसेल तर शून्य लिहा, खाली तारीख घाला. ती वही पाच वर्षे जपून ठेवा आणि पुन्हा तिथेच जा.